समासातील अक्षरे : गिरगावातील रंगीत शिळाचित्रांची परीक्षा आणि जतन

१

गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या भागांतील चाळींच्या खोल्यांतून एक वस्तू शंभराहून अधिक वर्षे दिसत आली आहे. भिंतीच्या वरच्या अंगाला, किंचित पुढे झुकलेली, काचेत मढवलेली अशी ती देवादिकांची किंवा पुराणप्रसंगाची रंगीत छापील तसबीर होय. घरातील माणसांनी तिला हळदकुंकू वाहिले, हार घातले, दसरा-दिवाळीला तिची काच पुसली. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तिच्याकडे दीर्घकाळ लक्ष दिले नाही. ती ‘मूळ’ चित्र नव्हे, केवळ ‘नक्कल’ आहे, आणि नकलेला स्वतःचा इतिहास नसतो, अशी एक समजूत त्यामागे होती.

आज या उपेक्षेची किंमत मोजावी लागत आहे. जुन्या चाळी पाडून त्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. खोली रिकामी करण्याच्या गडबडीत तसबीर एक तर भंगारात जाते, नाहीतर जुन्या वस्तूंच्या बाजारात पोहोचते. तिथे तिच्याशेजारी कालपरवा छापलेल्या आणि चहाच्या पाण्याने पिवळ्या केलेल्या प्रती मांडलेल्या असतात. अशा वेळी घरच्या माणसांना आणि अभ्यासकालाही दोन प्रश्न पडतात : हातातील छापचित्र कोणत्या काळाचे व कोणत्या मोलाचे हे कशावरून ओळखावे? आणि ओळखल्यावर ते टिकवावे कसे? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. लेखकाचे शास्त्र भाषेचे, चित्रकलेचे नव्हे. तेव्हा हा विचार शब्दांपासून आणि अक्षरांपासून सुरू झाला तर वाचकांनी तो दोष मानू नये.

२

प्रथम शब्द पाहू. ‘तसबीर’ हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला. व्यवहारात त्याला ‘मढवलेले चित्र’ असा अर्थ प्राप्त झाला. म्हणजे चित्रापेक्षा चौकट आणि काच यांनाच त्या अर्थात अधिक स्थान मिळाले. ‘छाप’ या शब्दाचा प्रवास याहून मनोरंजक आहे. परळ-लालबागच्या गिरण्यांच्या कापडाच्या ताग्यांवर देवतांची, पशुपक्ष्यांची रंगीत छापतिकिटे चिकटवलेली असत. ज्यास अक्षर वाचता येत नसे तोही चित्रावरून माल ओळखी. ‘हत्तीछाप’, ‘घोडाछाप’ यांसारख्या समासांत ‘छाप’ म्हणजे केवळ ठसा नव्हे, तर मालाच्या खरेपणाची हमी होय. म्हणजे ज्या समाजाने छापील चित्राला नक्कल म्हटले, त्याच समाजाने बाजारात त्याच छापील चित्राला खरेपणाचे प्रमाण मानले.

‘मूळ’ आणि ‘नक्कल’ ही जोडी छापचित्राला लागू करताना घोटाळा होतो तो इथे. तैलचित्र एक असते. त्याचे कोणी हुबेहूब चित्र काढले तर ती नक्कल. परंतु दगडावरून छापलेल्या हजार चित्रांत मूळ कोणते? दगडावर चित्र उलटे असते आणि तो दगड पुढे घासून दुसऱ्या कामास घेतला जातो. उरतात त्या केवळ प्रती. यासाठी मराठीला फार जुना आणि नेमका शब्द उपलब्ध आहे, तो म्हणजे हस्तलिखितांच्या संदर्भातील ‘प्रत’. राजवाड्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी प्रसिद्ध केली तेव्हा, किंवा पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली तेव्हा, अभ्यासकांपुढे ग्रंथकाराच्या हातची पोथी नव्हती. होत्या त्या प्रतीच. आणि प्रत्येक प्रतीस स्वतःचा पाठ, स्वतःचा लेखक, स्वतःचे समास आणि स्वतःची झीज होती. प्रतींची परीक्षा करण्याची ती शिस्त छापचित्रालाही लावता येते, हा या निबंधाचा मुख्य मुद्दा आहे.

३

परीक्षेपूर्वी इतिहासाची रूपरेषा ध्यानात घ्यावी लागते. शिळामुद्रणाची युक्ती आलोइस सेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिक येथे शोधून काढली. चरबी आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या साध्या तत्त्वावर ती उभी आहे. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर स्निग्ध शाईने चित्र काढावे, दगड ओला करावा, मग छपाईची शाई फिरवावी. शाई चित्रावर बसते, ओल्या भागावर बसत नाही. खिळे जुळवण्याची गरज नसल्यामुळे देवनागरी आणि मोडी या लिप्यांना ही पद्धती विशेष सोयीची ठरली. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ च्या सुमारास शिळाछापावर पंचांग छापले, ते याच सोयीमुळे.

रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा दगड वेगळा करावा लागे आणि तोच कागद प्रत्येक दगडावर अचूक त्याच जागी बसवावा लागे. हे काम मोठ्या प्रमाणावर महाराष्ट्रात प्रथम पुण्यास झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी १८७८ मध्ये चित्रशाळा स्थापन केली. रामपंचायतनासारखी धार्मिक चित्रे आणि नाना फडणविसांसारख्या ऐतिहासिक पुरुषांची चित्रे तेथून घरोघर गेली. ‘निबंधमाला’ लिहिणाऱ्या लेखणीला जे वाचकापर्यंत न्यावयाचे होते, तेच चित्रशाळेने न वाचणाऱ्यापर्यंत नेले असे म्हणता येईल.

गिरगावाचे नाव या इतिहासात येते ते राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्यामुळे. आपली चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती काढाव्यात, अशी सूचना सर टी. माधवराव यांनी त्यांना केली होती. अखेरीस चित्रे परदेशी गेली नाहीत. यंत्रे आणि कारागीर जर्मनीहून मुंबईस आले. गोवर्धनदास खटाव मखनजी यांच्या भागीदारीत १८९४ मध्ये गिरगावात छापखाना सुरू झाला आणि ‘शकुंतलाजन्म’ हे त्याचे पहिले चित्र बाहेर पडले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. छापखाना घाटकोपरास आणि तेथून १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवली येथे हलवला गेला. पुढे तो आर्थिक अडचणीत आला आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले, परंतु त्यांच्या नावाचा छापखाना त्यानंतर अनेक दशके चालू राहिला. १९७२ मध्ये तो आगीत भस्मसात झाला.

याच छापखान्यासाठी काही काळ काम केलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी पुढे दादर येथे लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स चालवले, आणि तेथून बाहेर पडून ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट केला. तो १९१३ मध्ये गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला. गिरगाव ते दादर हे अंतर अशा रीतीने शिळाचित्र ते चलच्चित्र असेही मोजता येते.

४

आता प्रतीची परीक्षा. पहिली गोष्ट भिंगाची. शिळाचित्रात रंगाच्या छटा हाताने टिपलेल्या ठिपक्यांनी साधलेल्या असतात. हे ठिपके लहानमोठे, अनियमित, कोठे दाट कोठे विरळ असे असतात. छायाचित्राच्या साहाय्याने केलेल्या पुढील काळच्या छपाईत ठिपके ठरावीक अंतरावर, जाळीच्या ओळींत बसलेले दिसतात. ‘१९०० चे शिळाचित्र’ म्हणून दाखवलेल्या प्रतीत अशी नियमित जाळी आढळली तर ती शिळाचित्राच्या छायाचित्रावरून केलेली प्रत होय. संगणकाशी जोडलेल्या यंत्राने काढलेल्या प्रतीत शाईचा बारीक फवारा दिसतो आणि रंगावर रंग चढल्याच्या कडा दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट पृष्ठभागाची. तैलचित्राचा भास व्हावा म्हणून या चित्रांवर रोगण चढवीत आणि काही वेळा दाब देऊन कापडाची वीण उठवीत. अशा वार्निशदार प्रतींवर केसांसारख्या भेगा आणि पिवळसर तपकिरी झाक काळाने येते. ही झाक वरच्या थरात असते. चहाचा डाग कागदाच्या अंगात मुरतो आणि मागच्या बाजूसही दिसतो.

तिसरी गोष्ट कागदाची. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायने घालण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापासून रूढ झाली. असा कागद अतिनील दिव्याखाली निळसर पांढरा चमकतो. चमकला तर तो जुना नाही. न चमकला तर मात्र तो जुना आहेच असे म्हणता येत नाही. कारण अशा रसायनांवाचूनचा कागद आजही मिळतो.

ही तर्कपद्धती अक्षरांनाही जशीच्या तशी लागू पडते. १८६७ च्या कायद्याने छापील पुस्तकावर आणि कागदावर मुद्रकाचे नाव व छपाईचे स्थळ देणे आवश्यक केले. परदेशी मालावर उत्पत्तिदेश दाखवण्याचा कायदा १८८९ मध्ये झाला. त्यामुळे चित्राच्या खालच्या समासात छापखान्याचे नाव, गाव, कधी हक्क राखल्याची नोंद, तर परदेशी चित्रांवर ‘जर्मनीत छापलेले’ अशा अर्थाचा मजकूर सापडतो. रविवर्मा छापखान्याच्या प्रतींवर गिरगाव, घाटकोपर, कार्ला, मळवली-लोणावळा यांपैकी जे गाव येते त्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. चित्राच्या आतील रविवर्म्यांची सही व सन मात्र मूळ तैलचित्राचा भाग म्हणून दगडावर उतरलेला असतो. तो चित्रकाराचा सन आहे, प्रतीचा नव्हे; आणि ती सही त्यांच्या हातची नव्हे. बाजारात सर्वांत जास्त फसगत याच सहीमुळे होते.

चित्राखाली मराठी मजकूर असेल तर लेखनपद्धती पाहावी. १९६२ मध्ये मराठी लेखनाचे नवे नियम आले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. १९१० ची म्हणून दाखवलेली प्रत नव्या नियमांप्रमाणे लिहिलेली असेल, तर ती त्या काळची नाही. उलट जुने अनुस्वार दिसले म्हणून प्रत जुनी ठरत नाही, कारण जुन्या प्रतीवरून काढलेल्या प्रतीत तेही उतरतात. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे सोडून हिंदी वळणे आलेली असतील आणि प्रत महाराष्ट्रातील छापखान्याची म्हणवत असेल, तर अक्षरे संगणकावर नव्याने जुळवली असण्याचा संशय घ्यावा. सारांश, कागद आणि अक्षर हे दोन्ही साक्षीदार नवेपणा सिद्ध करतात. जुनेपणा ते केवळ संभाव्य ठरवतात.

५

ही पद्धती अपरिचित वाटल्यास चीनकडे दृष्टी टाकावी. तेथे छापचित्रांच्या दोन परंपरा शेजारी नांदतात. एक नववर्षाच्या चित्रांची. तिएनजिनजवळील यांगलिउछिंग, सुचौ येथील थाओह्वावू अशी तिची केंद्रे. द्वारदेवता आणि पाकदेवता यांची ही लाकडी ठशांची चित्रे दरवर्षी बदलतात. पाकदेवतेचे जुने चित्र तर जाळून देवतेला निरोप देतात. आपल्याकडील श्रावणातील जिवतीचा कागद याचा सख्खा भाऊ शोभेल. जो कागद दरवर्षी नवा आणावयाचा, त्याची जुनी प्रत उरणे हाच अपवाद होय. म्हणून बाजारात क्षुल्लक समजला जाणारा जुना जिवतीचा कागद अभ्यासकाला मोठ्या लक्ष्मीच्या तसबिरीहून दुर्मीळ वाटू शकतो.

दुसरी परंपरा कलावंताच्या छापचित्राची. लू शुन यांनी १९३१ मध्ये शांघायला तरुण चित्रकारांसाठी काष्ठमुद्रणाचा वर्ग भरवला. आधुनिक चिनी छापचित्राची चळवळ तेथून वाढली. आजच्या चिनी छापचित्राच्या खालच्या समासात पेन्सिलीने केलेली सही आणि ‘१२/५०’ असा अपूर्णांक असतो. एकूण पन्नास प्रतींतील ही बारावी, असा त्याचा अर्थ. येथे सही खरोखर हातची असते आणि प्रतींची संख्या कलावंताने स्वतःच मर्यादित केलेली असते. म्हणून तिची परीक्षा सही, क्रमांक, तांबडी मुद्रा आणि कागद यांवर चालते. रविवर्मा छापखान्याच्या प्रतीस हाच निकष लावून ‘क्रमांक नाही, सही हातची नाही, सबब मोल नाही’ असे म्हणणे म्हणजे लोकगीतास कवीचे नाव नाही म्हणून नाकारण्यासारखे आहे. दोन्ही परंपरांत समान धागा एकच : प्रतीचे वय आणि कूळ सांगणारा मजकूर समासात असतो.

६

या संदर्भात एक अनुभव नोंदवतो. गिरगावातील एका चाळीत प्रस्तुत लेखकाच्या मामांची खोली होती. चाळ रिकामी होऊ लागली तेव्हा त्या खोलीतील लक्ष्मीची तसबीर कोणाकडे जावी याविषयी मामेभावंडांत मतभेद झाला. घरातील आख्यायिका अशी की, आजोबांच्या वडिलांनी ती चार पावलांवरच्या रविवर्मा छापखान्यातून ताजी छापलेली आणली. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी ‘गिरगावची’ म्हणून चांगली रक्कम देऊ करीत होता. मोठ्या मामेभावाने मला म्हटले, “तू अक्षरांचा डॉक्टर ना? मग वाचून दाखव.”

चौकट उघडली. मागे लाकडी फळी, फळीच्या आत वर्तमानपत्राचा कागद. तारखेचा भाग फाटलेला होता, परंतु पहिल्या महायुद्धाच्या बातम्या स्पष्ट वाचता येत होत्या. म्हणजे तसबीर मढवली गेली ती १९१४ नंतर. चित्राचा खालचा समास, चौकटीत बसावा म्हणून, मढवणाऱ्याने कापून टाकला होता. मात्र कात्री किंचित तिरपी गेली होती. उजव्या कोपऱ्यात इंग्रजी अक्षरांच्या वरच्या अर्ध्या भागांची एक ओळ उरली होती. रोमन लिपीत वाचनास अक्षराचा वरचा अर्धा भाग अधिक उपयोगी पडतो, हे भाषेच्या विद्यार्थ्यास ठाऊक असते. भिंगाखाली ‘कार्ला’ या नावाची अक्षरे जुळली. तेव्हा ही प्रत गिरगावची नव्हती. छापखाना घाटापलीकडे गेल्यानंतरची, म्हणजे १८९९ पूर्वीची खचित नव्हे.

व्यापाऱ्याने आकडा खाली आणला. भावंडे प्रथम हिरमुसली. परंतु विचार करता आख्यायिका सर्वस्वी खोटी ठरली नाही. चित्र घाटावर छापले गेले, गिरगावात विकत घेतले गेले, आणि बहुधा युद्धाच्या वर्षांत मढवून त्या भिंतीवर आले. ‘छापखान्याजवळचे घर’ आणि ‘छापखान्याचे चित्र’ या दोन खऱ्या गोष्टी स्मृतीने एकत्र जोडल्या होत्या. पुढे धाकट्या मामेबहिणीने मला विचारले, “दादा, ती पट्टी कापली नसती तर इतके दिवस भांडलो असतो का आपण?” या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हते. तसबीर विकली गेली नाही. ती आता तिच्याकडे आहे.

७

जतनाचा विचार याच घटनेतून सुरू होतो. पहिला नियम : समास कापू नये. चौकट लहान पडत असेल तर चौकट बदलावी. मढवणाऱ्याला हे तोंडी सांगणे पुरेसे नाही, लिहून द्यावे. चौकट उघडताना मागील कागद, खिळे, दुकानाची चिठ्ठी, जुने वर्तमानपत्र यांची छायाचित्रे घ्यावीत आणि हे सर्व एका पाकिटात चित्राबरोबर ठेवावे.

दुसरा शत्रू हवा. मुंबईत पावसाळ्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर जाते. कागद ओल शोषून फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, आणि रोगणाचा थर त्याबरोबर हलू शकत नसल्यामुळे तडकतो. चित्र काचेला टेकलेले असेल तर ओलीने रोगण काचेस चिकटते. ते ओढून काढू पाहिल्यास रंग काचेवर राहतो. यासाठी काच व चित्र यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची आम्लरहित पट्टी बसवावी. पावसाचा मारा लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर तसबीर टांगू नये. आतल्या भिंतीवर टांगावी आणि चौकटीमागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवावी. पूर्वी चित्राचा वरचा भाग पुढे झुकलेला ठेवीत. तेथे भिंत आणि चित्र यांत आपोआप अंतर राही. ती रूढी सोडण्याचे कारण नाही.

तिसरा शत्रू खुद्द पाठची फळी. लाकूड व साधा पुठ्ठा यांतील आम्ल कागदात उतरते, आणि फळीच्या फटींप्रमाणे चित्रावर तपकिरी रेषा उमटतात. फळी जपून ठेवावी, पण चित्राला भिडवू नये. चौथा शत्रू प्रकाश : थेट ऊन कधीही नको. कसर व वाळवी यांसाठी चौकटीची मागची बाजू पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासावी. औषध चित्रावर फवारू नये.

ओल्या फडक्याने चित्र पुसणे, चिकटपट्टीने फाट जोडणे, प्लॅस्टिकमध्ये बंद करणे ही तीन कामे हौसेने होतात आणि तिन्ही घातक आहेत. पाण्याच्या रंगांनी छापलेल्या चिनी काष्ठचित्रास तर पाण्याचा थेंबही पुसून टाकतो. काही जुन्या प्रतींवर जर, टिकल्या आणि कापड शिवून किंवा चिकटवून देवतेस वस्त्रालंकार चढवलेले असतात. जर काळी पडली म्हणून घासू नये. ते घरातील हातांचे काम आहे आणि छापखान्याच्या कामाइतकेच ऐतिहासिक आहे. लक्ष्मीच्या पावलांजवळील कुंकवाच्या डागांविषयीही हेच म्हणावे लागेल. संग्राहक त्यांस डाग म्हणतो; प्रतीच्या इतिहासात त्या टीपा आहेत. ज्या प्रतीस खरोखर उपचारांची गरज आहे तिच्यासाठी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कलासंवर्धन केंद्रासारख्या ठिकाणी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

८

छापचित्राचे मोल तीन प्रकारचे आहे. बाजारातील मोल दुर्मिळता आणि स्थिती यांवर ठरते व बदलत राहते. कलेतील मोल छपाईची सफाई, रंगांची जुळणी आणि चित्राची योजना यांवर ठरते. तिसरे मोल पुराव्याचे. अमुक घरात, अमुक काळी, अमुक गावी छापलेले हे चित्र लोकांनी पुजले, एवढी एक साक्ष ते देते. पहिली दोन मोले फाटक्या, विटक्या प्रतीत कमी होतात; तिसरे तसे होत नाही, समास शाबूत असला म्हणजे झाले.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे म्हणून एक काम ठेवावेसे वाटते. गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात जेथे चाळी अद्याप उभ्या आहेत, तेथे घरोघरच्या तसबिरींच्या खालच्या समासांची नोंद व्हावी : छापखाना, गाव, मजकूर, लेखनपद्धती, मढवणाऱ्याची चिठ्ठी, आणि घरची माणसे सांगतात ती हकीकत. चित्र घराबाहेर न्यावे लागत नाही. भिंग, वही आणि घरच्यांची परवानगी पुरते. खोली रिकामी झाल्यावर हकीकत सांगणारे दूर उपनगरांत विखुरतात, आणि तसबीर उरली तरी तिच्यामागची माणसे तिच्यापासून तुटतात. तेव्हा हे काम पुढील पावसाळ्यापूर्वी सुरू व्हावे हे बरे.